प्रज्ञाचा व्हिसा आणि माझा ओटीपी

आमच्या घरात ओटीपी फक्त मला येतात आणि मी ते कुणालाही सांगत नाही. बँकेत कॅशियर म्हणून आयुष्य काढल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, एवढं येतंच. रिटायर झाल्यावर तर सिडकोतल्या आमच्या कॉलनीत मी यावर चक्क भाषण ठोकलं होतं. "आवाज ओळखीचा वाटला तरी सांगू नका! चेहरा दिसला तरी सांगू नका! हल्ली मशीन दोन्ही बनवतं!" टाळ्या पडल्या. (नंतर पोहे होते, हेही खरं.)

त्यामुळे आमची प्रज्ञा एम.एस्सी.साठी इंग्लंडला निघाली आणि कळलं की आता व्हिसाचा कागद नाही, कार्ड नाही, सगळी नोंद ऑनलाइन खात्यात, तेव्हा त्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा हा प्रश्नच नव्हता.

"तुझं सिम तिकडं बदलणार. माझा टाक," मी म्हणालो. "एकदम सेफ!"

व्हिसा हाताला लागत नाही, हे मात्र घरात कुणाला पचेना. बायको, सुजाता, म्हणाली, "झेरॉक्स तरी काढून ठेवा." अगं, पण कशाची? शेजारचे सलीमभाई पेढे खायला आले आणि चष्मा लावून त्यांनी हात पुढं केला. "दिखाओ तो सही!" मी मोबाइल दिला. त्यांनी तो उलटा करून मागूनही पाहिला. "अच्छा है भाई, लेकिन ठप्पा किधर है?" शेवटी मी त्या स्क्रीनची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून आणली, तेव्हा कुठं घराण्यातली पहिली मुलगी परदेशी निघाल्यासारखं वाटलं.

प्रज्ञा सुखरूप पोचली. आठवड्याभरानं संध्याकाळी अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला.

"पप्पा, मी प्रज्ञा! नवीन सिम घेतलंय. तुम्हाला ओटीपी आला ना? पटकन सांगा!"

मी कान टवकारले. अनोळखी नंबर, घाई आणि ओटीपी! भाषणातली सगळी लक्षणं एका वाक्यात!

"कोण बोलतंय?"

"पप्पा! मी कॉलेजच्या काउंटरवर उभीये. व्हिसाची नोंद दाखवल्याशिवाय ॲडमिशन पक्की करत नाहीत. आज शेवटचा दिवस आहे, नाही झालं तर सीट जाईल!"

"असंच बोलतात सगळे," मी शांतपणे म्हणालो. "खरी प्रज्ञा असशील तर लॅमिनेट केलेली प्रिंट दाखव त्यांना."

"दाखवली! ती चालत नाही! त्यांना खात्यातूनच नोंद पाहिजे!"

तिनं व्हिडिओ कॉल लावला. कानटोपी घातलेली, थंडीनं नाक लाल झालेली मुलगी. दिसायला हुबेहूब प्रज्ञा. मशीननं काम फारच सफाईदार केलं होतं! तेवढ्यात पहिल्या ओटीपीची मुदत संपली आणि दुसरा आला. मी परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"दहावीला वर्गशिक्षिका कोण होत्या?"

"देशपांडे मॅडम!"

उत्तर तर आलं, पण ते बरोबर की चूक हे मलाच ठाऊक नव्हतं. प्रश्न बाद धरला.

"आवडती भाजी?"

"भेंडी!"

"सापडलास, चोरा!" मी ओरडलो. "माझ्या पोरीचा भरल्या वांग्यात जीव आहे!"

"पप्पा, प्लीज... माझ्यामागं लाइन आहे," ती म्हणाली आणि पडद्यावरचे डोळे भरून आले. पण मी बँकेचा माणूस, डोळ्यांतलं पाणी बघून कधी काउंटर उघडला नव्हता.

इतक्यात सुजाता भाजीची पिशवी घेऊन दारात उभी. "कुणावर वरडायलेत?"

"फ्रॉड आहे. म्हणतो, भेंडी आवडते!"

"व्हय मग, तिला भेंडीच आवडती! वांगं तुम्हाला आवडतं. ती सगळी वांगी गुपचूप माझ्या ताटात टाकायची, ते नाय दिसलं कधी? समोरच तर बसायचे तुम्ही!"

पिशवी खाली पडली, माझ्या हातातला फोन गेला आणि एव्हाना आलेला तिसरा ओटीपी सुजातानं एका दमात वाचून टाकला. मग आम्ही दोघंही श्वास रोखून पडद्याकडं बघत राहिलो. काउंटरपलीकडच्या बाईंनी काहीतरी टाइप केलं, मान हलवली आणि हसल्या.

"झालं, आई! झालं!" प्रज्ञा तिथंच उड्या मारायला लागली. मागची लाइनसुद्धा टाळ्या वाजवत होती. पोरगी खरीखुरी तिथली विद्यार्थिनी झाली! मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला पिशवीतली कोथिंबीर उचलली.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन.

"पप्पा, खात्याला आता आईचा नंबर लावतेय. जुना नंबर काढायला तुम्हाला शेवटचा एक ओटीपी आलाय. सांगता?"

मी एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी ओटीपी सांगितला, आणि तोसुद्धा माझीच हकालपट्टी करायला!