स्वातीच्या आईचं गाडं

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. स्वातीची आई होती तोवर तिला सांगायची गरज नव्हती, तिला ठाऊकच होती. गेल्या माघात ती गेली. आता ही गोष्ट एकट्या माझ्यापाशी आहे. आणि मला ती पेलवत नाही.

चौथी शिकलेला माणूस मी. गोड करून लिहायला जमणार नाही.

ती गेल्यावर माणसं भेटायला आली. म्हणाली, बाईनं लई सोसलं. मी मान हलवली. काय सोसलं, कुणापायी सोसलं — कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं.

तिचे गुडघे गेले होते. शेवटाशेवटाला संडासला जायचं तरी भिंत धरून. खुरपणीनं गेले. आमच्या कळंबच्या बाजूला बाई सकाळी सोयाबीनच्या ओळीत उकिडवी बसली की दिवस मावळेपर्यंत तशीच पुढं सरकत राहते. जन्मभर. मला कधी त्यात काही वेगळं दिसलं नाही. गड्यानं उभ्यानं कामं करायची, बाईनं बसून. असंच होतं.

स्वातीला ते दिसलं. आमची एकुलती एक लेक. पुण्याला डिझाईनच्या कॉलेजात गेली, तर गावात लोक विचारायचे, डिझाईन म्हणजे ब्लाऊजचं का? मी सांगायचो, इंजिनेरीतलंच हाय काहीतरी. मला तरी कुठं ठाऊक होतं?

शेवटच्या वर्षी तिला एक वस्तू स्वतः बनवायची होती. पावसाळ्यात घरी आली, आईच्या मागं मागं रानात हिंडली, आईसोबत उकिडवी बसून खुरपलं. मग कळंबच्या वेल्डिंगवाल्याकडं बसून एक गाडं बनवून घेतलं. बुटकी बैठक, खाली रुंद चाकं. बाईनं बसायचं, पायानं रेटायचं, ओळीनं पुढं सरकायचं. एवढंच. आईला दिलं आणि म्हणाली, तू वापर, मी माझ्या सर-मॅडमना घेऊन येते. मला म्हणाली, पास झाले की कळंबलाच शेड घेते अण्णा, असलीच अवजारं बनवायची, आपल्या बायांसाठी. डोळ्यांत नुसती चमक होती पोरीच्या.

ती पुण्याला गेली. तिची आई गाड्यावर बसून खुरपू लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढून उठली — खांब न धरता उठली — आणि मला म्हणाली, ‘आज गुडघं बोललं न्हाईत बगा.’

हे तिनं मला एकट्याला सांगितलं. लेकीला ती आली की समोरासमोर सांगणार होती.

मग आमच्या रानात सावडीच्या बाया आल्या. आज यांच्या रानात, उद्या त्यांच्या, असं बाया एकमेकींचं खुरपून देतात. सगळ्या उकिडव्या आणि ही गाड्यावर. माझ्या चुलतभावाची बायको गयाबाई, तिच्या जिभेला हाड नाही. मी बांधावर पाण्याची घागर ठेवत होतो. ती मोठ्यानं म्हणाली, ‘गाडं तर झालं बाई, आता म्होरं भावजीला जुपा.’

बाया हसल्या. हसू द्या. पण स्वातीची आईही हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेस्तोवर हसली.

तेवढंच. दुसरं काही घडलं नाही. पण ते बोलणं पारावर गेलं. मी दिसलो की कुणीतरी विचारायचं, ‘काय, आज जुपलं न्हाई व्हय?’ मी वरवर हसायचो. घरी आलो की जेवायचो नाही. एवढ्यानं माणसाचं काय झिजतं? काही नाही. मला तेव्हा वाटायचं, सगळं झिजलं.

सर आणि मॅडम आले तेव्हा आदल्या दिवशी पाऊस झालेला, रानात पाय ठेवता येत नव्हता. म्हणून रानात कुणी गेलं नाही. ओसरीवर बाजेवर बसले. स्वाती उभी. तिची आई दाराच्या चौकटीला टेकून. मॅडमनं तिलाच विचारलं, ‘काकू, गाडं कसं वाटलं?’

आमच्यात परका माणूस घरात आला की बाईचं उत्तर गडीच देतो. ती पद्धत. मी त्या पद्धतीच्याच आड लपलो. म्हणालो, ‘हिला जमंना. चिकलात रुततंय. हिला खाली बसूनच बरं वाटतंय.’

मॅडम म्हणाल्या, ‘काकूंना बोलू द्या की.’

तिनं मॅडमकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘ते म्हंतेत तसंच हाय.’

परक्यापुढं नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिला लहानपणीच शिकवलेलं. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच तर मी बोललो.

स्वाती रडली नाही. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, ‘आई, मला आधी सांगायचंस ना गं.’ आईनं तिच्या ताटात पिठलं वाढलं. आणखी वाढलं. पोरीनं ते काम सोडलं, दुसरंच काहीतरी करून पास झाली. कळंबच्या शेडचं नाव पुन्हा निघालं नाही.

गाडं गोठ्यात पडलं होतं. एकदा स्वातीच्या आईनं मला विचारलं, ‘रानात कुणी नसतंय तवा वापरू का?’

बघा — चोरून वापरायची परवानगी मागत होती. स्वतःच्या लेकीनं दिलेली वस्तू. मी म्हणालो, ‘मला खोटं पाडायचंय का तुला?’ आणि त्याच आठवड्यात भंगारवाला आला तेव्हा उचलून देऊन टाकलं. ती दारात उभी होती. पुढची सगळी वर्षं ती उकिडवी बसून खुरपत राहिली, बसता येईनासं होईपर्यंत. गाड्याचं नाव कधी काढलं नाही.

आई गेल्यावर स्वातीनं मला थोडे दिवस पुण्याला नेलं. आता तिचं नाव आहे. दवाखान्यातल्या खुर्च्या करते, म्हाताऱ्या माणसांना उघडता येतील अशी औषधाच्या बाटल्यांची झाकणं करते. शेतातलं काही करत नाही. तिच्या कॉलेजात नवीन पोरांपुढं तिचं भाषण होतं. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ती पोरांना म्हणाली, ‘माझी पहिली वस्तू माझ्या आईनंच नाकारली. मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून माणसाजवळ बसल्याशिवाय मी रेघ ओढत नाही. मी डिझायनर झाले ती त्या दिवशी.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिनं नीट बघितलं होतं. तिच्याएवढं कुणीच बघितलं नव्हतं तिच्या आईकडं. तिची सगळी हुशारी, सगळं नाव ज्या चुकीवर उभं आहे, ती चूक तिनं केलेलीच नाही.

नंतर कँटीनमध्ये बसलो. चहा आला. ती कपाकडं बघत म्हणाली, ‘अण्णा, एक विचारू? आईला ते गाडं थोडंसुद्धा आवडलं नव्हतं का?’

पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा मला बैल म्हणणारी माणसं होती. इथं कोण होतं? कुणी नव्हतं. गयाबाईसुद्धा मरून गेली. लेक समोर होती, आणि एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, ‘न्हाई.’

तिनं मान हलवली. मग माझा चहा गार झाला म्हणून दुसरा आणायला उठली.