वरातीत वाजलेला फंक

"मामा, फंक ऐकायचंय. कुठल्या अल्बमपासून सुरू करू?" भाचीनं विचारलं, म्हणून मी फंकची जुनी कॅसेट काढली. डबीतल्या प्लास्टिकच्या वासानं मला बेलापूरच्या वरातीत नेलं.

आमच्या बँजो पार्टीतल्या ढोलवाल्या दिलीपला ही कॅसेट मीच ऐकवली होती. "गाणं सोड, खालच्या बास गिटारकडं कान दे." त्यानं भर वरातीत तोच ठेका धरला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले.

"आरं, वरात हाय का कवायत?" नवरदेवाचा भाऊ ओरडला.

"हे खूळ कुणी भरवलं?" पार्टीच्या मालकानं दरडावलं. दिलीपनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून बँजोच्या तारा लावत राहिलो. त्याचं काम तिथंच सुटलं.

तेव्हा मला त्याचा ठेका चुकलेला वाटला. आज कळतं, तो अचूक होता.

"अल्बम सांगतो," मी भाचीला म्हणालो, "पण आधी आमच्या जुन्या ढोलवाल्याकडं, दिलीपकडं चल. ते खूळ माझं होतं, हे त्याच्यापुढं तुझ्यासमोर कबूल करायचंय."