आवकबाईंची तांबडी रेघ

माझे वडील अंजनगाव सुर्जीला दुसऱ्याच्या पानपिंपरीच्या, म्हणजे औषधी पिंपळीच्या, मळ्यात मजुरी करायचे. वर्षभर पाय ओलीत, त्यामुळे बोटांच्या बेचक्या कायम चिघळलेल्या. आई कापूस वेचायला जायची, वेचणी संपली की हरभरा सोंगायला. आम्ही तिघी बहिणी एकाच कंपासपेटीवर शिकलो. धाकटीचा भूमितीचा तास आला की मधलीच्या वर्गात जाऊन पेटी मागून आणायची. अशा घरातून मी अकोल्याला मावशीकडे राहून बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यांत ती पहिली पदवी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, आणि का घालावी?

पदवीनंतर अकोल्याच्या एका मोठ्या सहकारी संस्थेत, अध्यक्षांच्या कार्यालयात, कॉम्प्युटरवर टायपिंगची कंत्राटी नोकरी लागली. संस्थेचं नाव लिहीत नाही. बियाणं आणि खताचा कारभार, दोन जिल्ह्यांत केंद्रं, आणि अध्यक्षपद म्हणजे आमदारकीच्या खालची पायरी. पहिल्या दिवशी अध्यक्षांच्या पीए साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. खाली सही. तारीख सोडा." मी विचारलं, "आज तर रुजू झाले, साहेब?" ते हसले. "सगळेच देतात. पद्धत आहे." मी लिहिलं. घरी फोनवर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पयल्याच दिवशी राजीनामा? हे कोन्तं ऑफिस हाय, पोरी?"

तो कागद लिहून डोळे पुसत बाहेर आले, तेव्हा दाराशेजारच्या टेबलावरून आवाज आला. "किती वाजता लिवून घेतला?" मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, अकरा वीस. "घरी जाऊन वहीत लिव. वार, तारीख, टाइम, कोण कोण होतं. रडाचं नंतर."

त्या आवकबाई.

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, पण शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्यांना आवकबाईच म्हणत. कारण बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्यावर शिक्का, शिक्क्यात आवक क्रमांक, क्रमांकाखाली तारीख, आणि वेळ मिनिटांसकट. शिक्का त्या अशा आपटायच्या की आत केबिनमध्ये बसलेल्याला कळायचं, एक कागद आला. सगळं मेलवर आलं तरी मेलची प्रत काढून त्यावरही शिक्का. "मेल गायब होते. शिक्का कुठं जाईन?"

पण त्यांची खरी ओळख दुसरीच होती. संध्याकाळी साडेपाचला त्या लाकडी पट्टी काढायच्या, तांबडा पेन काढायच्या आणि रजिस्टरात शेवटच्या नोंदीला अगदी चिकटून, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारायच्या. त्या रेघेवर पुन्हा पूर्ण सही. मग कोणीही येवो. एकदा एक संचालक पाच बत्तीसला धापा टाकत आले. "बाई, एक कागद." बाईंनी डबा पिशवीत ठेवत म्हटलं, "दिवस बंद झाला, भाऊ. उद्या या."

ज्यांनी सरकारी किंवा सहकारी कचेरीत काम केलंय त्यांना या रेघेची किंमत कळेल. बाकी सगळीकडे आवक रजिस्टरात रोज चार-दोन ओळी रिकाम्या सोडतात. साहेबांचा एखादा कागद मागच्या तारखेत दाखवायचा असला तर सोय असावी म्हणून. ही सोय सगळ्यांना माहीत असते आणि कोणी त्यावर बोलत नाही. आवकबाई एक ओळ सोडत नसत. का, ते मला वर्षभरानं कळलं. डबा खाताना, भाकरी मोडत, कोरड्या आवाजात त्यांनी सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी त्या अकोल्यातच होत्या आणि रिकाम्या ओळी सोडत होत्या, सगळ्यांसारख्याच. तेव्हाचे अध्यक्ष वेगळे, पीए हेच. अध्यक्ष चार बदलले, पीए एकच राहिला, यावरून काय ते समजा. पीए साहेबांना आवकच्या टेबलावर आपला माणूस हवा होता. एके दिवशी बाईंच्या हातात बदलीचा आदेश पडला. तेल्हारा केंद्र, 'आपल्या विनंतीवरून'. बाईंनी कधी विनंती केलीच नव्हती. पण रजिस्टरात पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेला, त्यांनीच सोडलेल्या रिकाम्या ओळीत, त्यांच्या विनंती अर्जाची नोंद होती. अक्षर दुसऱ्याचं.

त्यांचे यजमान तेव्हा लकव्यानं अंथरुणावर होते. बाई सकाळच्या बसनं तेल्हाऱ्याला जायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. एके दुपारी यजमान पलंगावरून खाली पडले आणि बाई येईपर्यंत फरशीवरच राहिले. त्यानंतर चार महिने जगले. "त्याईले घोटभर पाणी द्याले कोणी नवतं," बाई म्हणाल्या. "मी बसनं गेली आणि बसनं आली. बस." मग डबा धुऊन आल्या आणि शिक्का उचलला.

पुढे अध्यक्ष बदलले तेव्हा अर्ज करकरून त्या परत आल्या, त्याच टेबलावर. आल्या आल्या ते जुनं रजिस्टर रेकॉर्डरूममधून रीतसर सही करून काढलं आणि कपड्यात बांधून खालच्या खणात ठेवलं. पीए साहेबांशी नऊ वर्षं त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "राग आला का पानी पे," त्या मला सांगायच्या. "बदला घ्याचा असन तं तारीख लिव."

माझ्या काळात अध्यक्ष होत्या ताई. स्वभाव चांगला, पण कारभार नवा. त्यांच्या दारात दोन सत्ता. एक पीए साहेब, जे हिरव्या शाईनं सही करायचे. त्यांच्या पदाला हिरव्या शाईचा अधिकार नव्हता, पण सांगणार कोण? दुसरे ताईंचे यजमान, भाऊ, जे बाहेरच्या सोफ्यावर दरबार भरवायचे. भेटायला आलेल्या माणसाची चिठ्ठी आधी कोणाच्या हातातून जायची, यावरून दोघांत रोज कुस्ती. भाऊंनी एक शिपाई फोडला की पीए साहेब दुसऱ्याची बदली करायचे. 'अध्यक्ष कार्यालय' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. सकाळी ग्रुपमधून कोणाला काढलं यावरून दुपारी कोणाची नोकरी जाणार ते कळायचं. आम्ही कंत्राटी पोरं कार्यालयात आल्यावर आधी ग्रुप बघायचो, मग पाणी प्यायचो.

भाऊंचे कागद मधूनच आत सरकतात म्हणून पीए साहेबांनी परिपत्रक काढलं. यापुढे कागद आणून देणाऱ्याची सही असल्याशिवाय आवक घेऊ नये, अपवाद कोणालाही नाही. बाईंनी ते परिपत्रक वाचलं, त्यालाही आवक क्रमांक दिला आणि टेबलाच्या काचेखाली सरळ ठेवलं. "चांगलं काम केलं साहेबानं," एवढंच म्हणाल्या.

मग ताईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. नागपूरला आठ दिवसांसाठी जाण्याआधी त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि एक पत्र टाइप करून घेतलं. परत आल्यावर आपलं टपाल आधी आपल्याकडे यावं, पीए किंवा इतर कोणीही ते उघडू नये. पत्रावर सही करून ते आवकबाईंच्या हाती दिलं आणि गाडीत बसल्या. मला एकटीला आत बोलावलेलं पीए साहेबांनी पाहिलं होतं; संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

गुरुवारी पीए साहेब स्वतः आवकबाईंच्या टेबलाशी आले. हातात माझा राजीनामा. मोकळ्या जागेत आता तारीख होती, बरोबर एक महिन्यापूर्वीची, कारण आमच्या करारात एक महिन्याची नोटीस लागायची. मी दहा फुटांवर टाइप करत बसले होते. माझ्या देखत ते म्हणाले, "बाई, हा त्या तारखेत घ्या."

बाईंनी महिन्यापूर्वीचं पान उघडून त्यांच्यापुढे फिरवलं. "जागा नाई, साहेब. रेघ मारली हाय."

"एवढं काय, रेघेच्या वर लिहा."

"वर मी नोंद लिवली हाय. खाली दुसरा दिवस हाय. कुठं लिवू, सांगा."

पीए साहेबांनी नाक उडवलं. कागदावर तारीख आहे, तेवढी पुरे, असा त्यांचा हिशोब, कारण आस्थापना शाखा त्यांच्याच मुठीत. "बरं, आजच्या तारखेत घ्या."

शिक्का आपटला. क्रमांक. वेळ, तीन वाजून बारा. मग बाईंनी रजिस्टर सरकवलं. "आणून देणाऱ्याची सही."

"माझी?"

बाईंनी बोटानं काच दाखवली. समोरच्या बाकावर भाऊंची दोन माणसं बसली होती, त्यांतला एक खिदळला. "करा ना साहेब, आमची तं रोज घेता." पीए साहेबांना त्या दोघांपुढे कमीपणा नको होता. खिशातून हिरवा पेन काढला आणि ओळभर लांब, दोन रेघा ओढून सही ठोकली.

शुक्रवारी माझा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मला मिळालं. मी बाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडले. "सोमवारी टायमावर ये," त्या म्हणाल्या.

"बाई, मला काढलंय."

"मंग पाहुणी म्हणून ये. बाकावर बस. बाकावर बसाले कोणाची आर्डर लागते?"

रविवारी वडिलांना फोन केला. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुयी काही चूक झाली का, माय?" दुसऱ्याच्या मळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असंच वाटतं, काम गेलं म्हणजे चूक आपलीच. त्या फोननंतर मी रडले नाही. मला पीए साहेबांचं वाईट झालेलं बघायचं होतं. ते मी तेव्हाही लपवलं नाही आणि आजही लपवत नाही.

सोमवारी ताई आल्या. आवकबाई टपालाचं पॅड घेऊन उठल्या. काखेत कपड्यात बांधलेलं जुनं रजिस्टर. दारात पीए साहेबांनी हात पुढे केला, "द्या, मी नेतो."

"ताईचं पत्र हाय, साहेब. त्याले बी आवक क्रमांक घातला हाय मी." आणि त्या आत गेल्या.

पाच मिनिटांनी मला बाकावरून आत बोलावलं, पीए साहेबांनाही. ताईंच्या हातात माझा कागद होता. "तू सोडून चाललीस?"

"मी रोज इथंच होते, ताई. हजेरीत सही आहे."

पीए साहेब म्हणाले, "अक्षर तिचंच आहे, मॅडम. बघा ना."

ताई म्हणाल्या, "अक्षर तिचं, निळ्या शाईत. तारीख हिरव्या शाईत कोणाची?" त्या अख्ख्या इमारतीत हिरवा पेन एकच होता. "आणि हा महिनाभर कुठं होता? गुरुवारी तीन बाराला तुम्ही स्वतः आणून दिला, अशी तुमची सही आहे."

"तो... टेबलात राहिला, मॅडम."

बाईंनी तेवढ्यात हळूच विचारलं, "कोणाच्या टेबलात, साहेब?"

ताईंनी पीए साहेबांचा खण उघडायला लावला. चौदा राजीनामे निघाले, चौदाही बिनतारखेचे. त्यांत एक ताईंच्या स्वतःच्या ड्रायव्हरचा. तो कागद पाहिल्यावर ताईंचा चेहरा जो बदलला, तो मी जपून ठेवलाय. मग बाईंनी कपड्याची गाठ सोडली, नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि ती एक ओळ दाखवली. "तेल्हाऱ्याच्या बदलीचा हा अर्ज मी केलाच नवता, ताई." ताईंनी ती ओळ वाचली. विचारलं, "बाई, काय करू यांचं?"

"तेल्हाऱ्याले जागा खाली हाय, ताई."

माझ्या राजीनाम्याची मंजुरी त्याच दिवशी रद्द झाली आणि पीए साहेबांच्या बदलीचा आदेश मीच टाइप केला. 'आपल्या विनंतीवरून' हे शब्द ताईंनी मला घालू दिले नाहीत. मी मागितले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आले. त्यांना वाटलं, मैदान मोकळं झालं. बाईंनी पेढा घेतला, रजिस्टर सरकवलं. "आणून देणाऱ्याची सही, भाऊ. परिपत्रक काढलं हाय, रद्द नाई झालं." भाऊंनी मुकाट्यानं सही केली. त्यानंतर सोफ्यावरचा दरबार आपोआप पातळ झाला.

चार महिन्यांनी मला कामासाठी तेल्हाऱ्याला जावं लागलं. खरं सांगते, मीच काम मागून घेतलं. परत आल्यावर बाईंनी मला समोर बसवून एकेक गोष्ट विचारली.

"टेबल कुठं देल्लं?"

"गोदामाच्या तोंडाशी. खताच्या पोत्यांजवळ."

"फॅन हाय का?"

"आहे. चालत नाही."

"मी होती तवा बी चालत नवता." आणि त्या हसल्या. मी त्यांना असं पोटातून हसताना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. थोड्या वेळानं विचारलं, "तो बसनंच येते जाते?"

"हो, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "त्याची बायको चांगली हाय म्हन्तेत तब्येतीनं. चांगलीच राहो." आणि शिक्का उचलला. त्यांचं एवढं मोठं मन माझ्यात नाही. मी तेल्हाऱ्याच्या बसमध्ये पीए साहेबांना उभं पाहिलं होतं, माझ्या शेजारच्या जागेवर फक्त माझी पिशवी होती आणि ती मी उचलली नाही. मला त्याचं अजून बरं वाटतं.

आवकबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ घेतलं, भाषण केलं नाही. आपल्या निवृत्तीच्या पत्राला स्वतःच आवक क्रमांक दिला, वेळ टाकली, साडेपाचला रेघ मारली, सही केली आणि पट्टी माझ्याकडे सरकवली. "वाकडी मारू नको वं." दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या मुलीचा निरोप आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी ते वहीत लिहिलं.

ते चौदा राजीनामे ताईंनी ज्याचे त्याला परत दिले आणि पोरांनी ते अंगणात उभं राहून फाडले. माझा मी फाडला नाही. हिरव्या तारखेसकट तो पदवीच्या प्रमाणपत्राखाली ठेवलाय. गेल्या वर्षी मी कायम झाले, आवकच्या टेबलावर. वडिलांनी मळ्याचं काम सोडलं. आमच्या संस्थेत आता कोणाकडूनही राजीनामा आधी लिहून घेत नाहीत.