मातीची कॅप्सूल

वाघमारे सिस्टर चिखलाच्या गोळ्याची नाडी बघतात, असा पहिल्या दिवशी माझा समज झाला. लिंबोटीच्या धरणाकाठी साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई बादलीसमोर उकिडवी बसली होती. बादलीच्या तळाशी लिंबाएवढा काळ्या मातीचा गोळा. बाईंची दोन बोटं स्वतःच्या डाव्या मनगटावर, नजर गोळ्यावर, आणि ओठ हलत होते.

मी आदबीनं विचारलं, "काही मंत्र आहे का?"

"मंत्रबिंत्र आमच्यात न्हाई," नजर न हलवता त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद… जरा गप बसा."

शंभराच्या आसपास गोळा फुटला. आत दडवलेलं गांडूळ वळवळत बाहेर आलं आणि बाईंनी समाधानानं मनगट सोडलं.

मी लोह्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. मासेमारीवर मी बरंच वाचलं होतं, म्हणजे मला ती येत नव्हती. मला वाम धरायची होती, सापासारखी लांब मासळी. वाम धरणाच्या तळाशी चिखलात तोंड खुपसून असते. ती आणि माझा गळ यांच्या मध्ये चिलापीची अख्खी जमात होती. बोटभर लांबीचे हे मासे गळ पाण्यात पडताच चारी बाजूंनी धावून येत आणि आमिष कुरतडून नेत. तळाला पोचायचा तो फक्त स्वच्छ धुतलेला लोखंडी आकडा. सिस्टरांनी अर्धा तास माझं हे काम पाहिलं आणि विचारलं, "सर, तुमी मासे धरून राहिलात का पाळून राहिलात?"

मग त्यांनी आपली युक्ती सांगितली. तीस वर्षं त्यांनी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे युक्ती औषधाच्या भाषेत होती. "कॅप्सूलचं कवर तोंडात इरघळलं तर औषध कडू लागतंय, वाया जातंय. ते पोटात इरघळाया पाहिजे. तसंच हे." गांडूळ लावलेला गळ भुसा मिसळलेल्या काळ्या मातीच्या गोळ्यात लपवायचा आणि अलगद सोडायचा. गोळा चिलापीच्या गर्दीतून सरळ खाली जातो. चिलापीला त्यात नुसती माती दिसते. तळाशी गेल्यावर गोळा विरघळतो आणि आमिष वामेच्या पुढ्यात उघडं पडतं. माती फार चिकट असेल तर गोळा फुटतच नाही, भुसा जास्त झाला तर अर्ध्या वाटेत फुटतो. म्हणून आधी बादलीत चाचणी. घड्याळ त्या वापरत नसत. "मनगटावरच हाय की घड्याळ, चावी द्यावी लागत न्हाई."

मी सुचवलं, मातीत शेंगदाण्याची पेंड घालावी, वास सुटेल. "घाला की," त्या म्हणाल्या. "चिलापीला आवतन दिल्यावानी हुईल."

धरणातल्या माशांवर हक्क भोई समाजाच्या सोसायटीचा. पण सोसायटीतली निम्मी माणसं सिस्टरांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे परवानगीचा प्रश्न कधी निघाला नाही. उलट होडीतून कुणी रामराम केला, तर काठावरून आवाज जायचा, "जयभीम! बीपीची गोळी घेतलीस का रे?" आणि होडीतला मिशाळ माणूस शाळकरी पोरासारखा मान खाली घालायचा.

हा त्यांचा छंद आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. एकदा त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा कळलं. त्यांचे यजमान, वाघमारे गुरुजी, चार वर्षांपूर्वी पक्षाघातानं पडले. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. खिचडी, वरण, दूध, काहीही पुढं केलं की ते तोंड फिरवायचे. मासा मात्र खायचे. बाजारातला बर्फातला मासा नुसत्या वासावरून ओळखायचे आणि नाकारायचे. पहिल्याच महिन्यात कुणीतरी कौतुकानं ताज्या चिलापी आणून दिल्या. त्यातला केसासारखा काटा गुरुजींच्या घशात रुतला. गिळता येईना, खोकता येईना. सिस्टरांनी दिराला टॉर्च धरायला लावली आणि चिमट्यानं काटा काढला. "हजारो इंजेक्शनं दिली सर, हात कधी हलला न्हाई. त्या दिवशी हलला." त्यानंतर त्यांच्या घरात बारीक मासा आला नाही. वामेच्या मांसात काटे नसतात, मधला कणा काढला की झालं. पण चिखलात दडणारी वाम सोसायटीच्या जाळ्यांत येत नसे, ती गळावरच धरावी लागे. आठवड्याला दोन वाम मिळाल्या तर गुरुजी आठवडाभर जेवत. नाही मिळाल्या तर अंगावरचं मांस उतरलेलं दिसे.

मध्यंतरी धरणाच्या भिंतीजवळ एका पुढाऱ्यानं कर्तबगार महिलांचा सत्कार ठेवला. मंडप, फ्लेक्स, फ्लेक्सवर पुढारी सिस्टरांपेक्षा पाचपट मोठे. भाषणात त्यांनी सिस्टरांना नारीशक्ती, जलकन्या आणि माउली असं ओळीनं म्हटलं. नाव त्यांना आठवत नसावं. चौथी पदवी येण्याआधी सिस्टर व्यासपीठावरून उठल्या, माइकपाशी जाऊन म्हणाल्या, "साहेब, तुमचं चालू द्या. आमच्या मालकाच्या जेवणाची येळ झाली," आणि शाल-नारळासकट निघाल्या. पुढच्या रविवारी ती शाल मला काठावर दिसली. भिजवून मळलेल्या मातीवर पांघरली होती. "माती वाळत न्हाई. बरं झालं दिली," त्या म्हणाल्या. सत्काराच्या शालीचा इतका उचित उपयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

मागच्या दिवाळीनंतर गोळे बिघडले. शंभराला फुटणारा गोळा दीडशे मोजले तरी फुटेना. सिस्टरांनी भुसा वाढवला, दुसऱ्या शेतातली माती आणली. आता फुटायचा तो कधी एकशे तीसला, कधी एकशे सत्तरला. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, तुमचं घड्याळ लावा बरं." जुन्याच मातीचा, जुन्याच मापाचा गोळा केला. तो घड्याळात सव्वा मिनिटाला फुटला, म्हणजे निरोगी नाडीचे शंभर ठोके व्हायला लागतो तेवढ्याच वेळात.

त्यांनी बादली रिकामी केली. मग मनगट माझ्या हातात दिलं. "माती बराबर हाय. गडबड हितं हाय."

मला नाडी बघता येत नाही. तरी कळलं. शाळा सुटल्यावर पोरं जिन्यावरून उतरतात तसे ठोके पडत होते. दोन एकदम, मग एक चुकलेला, मग चार धावत.

"नांदेडला चला. आजच," मी म्हणालो.

"आन् गुरुजीला जेवाया कोण घालंल? तुमी?"

"मी घालीन."

"वाम धरता येती?"

वाचलेली पुस्तकं तेवढ्यापुरती आठवेनाशी झाली.

"मंग शिका. चार्ज दिल्याबिगर खुर्ची सोडत नसतेत. तीस वर्सं सोडली न्हाई."

मी चिडलो, हात जोडले, त्यांच्या दिराला मध्ये घातलं. बाई हलल्या नाहीत. तीन आठवडे त्यांनी मला माती मळायला बसवलं. "घट्ट दाबू नका, लाडू वळून न्हाई राहिलात." "फेकू नका, सोडा. लेकरू पाळण्यात ठेवतेत तसं." "दोरी हालली की वढू नका, ती चिलापी हाय, चेष्टा करून राहिलीय. वाम चेष्टा करत न्हाई, घेऊन जाती." दम लागला की त्या दगडाला टेकून बसायच्या, पण डोळे माझ्या हातावर. तिसऱ्या रविवारी माझ्या दोरीला हातभर वाम लागली. पाठीवर काट्यांची रांग आणि आतलं मांस मऊ, यावर मी काहीतरी सुंदर बोलायला लागलो.

"मासा हाय तो सर. उगी कविता करू नका," सिस्टर म्हणाल्या. "आनखी एक धरून दावा."

दुसरी मिळाली. त्या कपडे झटकत उठल्या आणि सोमवारी नांदेडला दाखल झाल्या. पाचव्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते आधी कुठं गेलं, हे मला माहीत होतं.

ही बातमी कळल्यापासून गुरुजींनी तोंड मिटून घेतलं. दिराची बायको घास घेऊन बसायची, ते भिंतीकडे बघायचे. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची गोष्ट काढली. मी एक दिवस मागून घेतला आणि पहाटे धरणावर गेलो.

पहिले सहा गोळे अर्ध्या वाटेत फुटले. चिलापीनं सहाही गांडुळं खाल्ली. माझे हात घाई करत होते. मी दोरी बाजूला ठेवली, बादली भरली आणि गोळ्यामागून गोळा टाकून नुसता बघत बसलो. ऊन चढेपर्यंत माती जमली. दुपारी बारा वाजता दोरी एकदा हलली, थांबली, आणि मग संथपणे, कुणाचीही चेष्टा न करता, चालू लागली.

माझ्या बायकोनं कालवण केलं. ताट गुरुजींच्या पुढं ठेवलं. त्यांनी वास घेतला, पण तोंड उघडलं नाही. मी घास केला, त्यांनी मान फिरवली. मग डावा हात हळूहळू ताटात आला. त्यांनी मांसाचा एकेक तुकडा बोटांत धरून कुस्करला, वहीतल्या चुका शोधाव्यात तसा शोधला. कणा मी काढला होता. तरी त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत बघितलं.

"बराबर," गुरुजी म्हणाले. शब्द नीट उमटला नाही, पण सगळ्यांना कळला.

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि तोंड उघडलं.