थोरलीचा हात

पार्लरच्या पाटीवर वेगळंच काहीतरी नाव होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. बायका म्हणत, "थोरली-धाकटीकडे जाऊन येते." थोरली केस धुवायची, कापायची, विंचरायची आणि बोलायची. धाकटी औषधांचं बघायची: रंग, ब्लीच, केस कुरळे करणं, सरळ करणं. थोरलीच्या जिभेला हाड नाही आणि धाकटीच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागतो, असं त्यांची आई म्हणे. लग्नं दोघींचीही झाली नव्हती आणि विचारणारेही आता थकले होते. तिघी पार्लरच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहत.

धाकटीनं कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी ती आपटली. त्यानंतर बरेच दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. थोरलीचं पार्लर तेव्हा नवं होतं. एका सकाळी तिनं धाकटीचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "नापास झालीस तर झालीस. बाटल्यांवर काय लिहिलंय ते तरी वाचता येतं ना तुला? मला येत नाही. चल."

धाकटी गेली. बाटल्या वाचल्या. जे पुस्तकात कधी डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथे बेसिनपाशी आपोआप कळत गेलं. केस म्हणजे प्रथिन. अमिनो आम्लांचे छोटे छोटे रेणू एकमेकांचा हात धरून उभे राहतात, त्यांची लांबच लांब साखळी होते. अशा साखळ्या पीळ घेऊन शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये आडवे बंध असतात. काही इतके कच्चे की नुसत्या पाण्यानंही सुटतात. म्हणून ओले केस हवे तसे वळवता येतात आणि वाळले की तसेच राहतात, पुन्हा भिजेपर्यंत. काही पक्के, गंधकाचे. ते सोडवायला पहिलं लोशन लागतं. रोलरवर गुंडाळलेल्या केसांचे ते बंध सुटले की दुसरं लोशन लावायचं, म्हणजे गंधकाचे सुटे हात नव्या जागी पुन्हा जुळतात. कुरळे ते कुरळेच राहतात.

"आणि साखळीच तुटली तर?" थोरलीनं तेव्हा विचारलं होतं.

"मग काही नाही. ती जोडता येत नाही."

"ते तू मला सांगू नकोस. ते हाताला कळतं."

आणि खरंच कळायचं. कुणीही कुरळे केस करायला आली, की थोरली आधी तिचे केस ओले करायची, त्यातला एक बोटांत धरून हलकेच ताणायची आणि सोडायची. गप्पा चालूच असायच्या. केस पुन्हा जागेवर आला तर धाकटीकडे बघून मान हलवायची. नाही आला तर म्हणायची, "आज नको. दोन महिने नुसतं तेल लावा." बाईनं कितीही गळ घातली तरी नाही म्हणजे नाही. धाकटीनं कधी स्वतः हात लावून पाहिलं नाही. गरजच पडली नाही.

एका मंगळवारी थोरली आतल्या खोलीत टॉवेल आणायला गेली आणि परत आली नाही. धाकटीनं दोनदा हाक मारली, मग जाऊन पाहिलं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी कागदावर चित्रही काढून दाखवलं. धाकटीनं मान हलवली आणि चित्र नीट आहे असं तिला वाटलं.

थोरलीचे केस तिनंच विंचरले. दुसऱ्या कुणाला सुचलं नाही. केस कालच्यासारखेच होते. भांग तिथेच पडला, डावीकडची बट पूर्वीसारखीच बाहेर आली. केसांना काही झालंच नव्हतं. मुळापाशी जेवढं जिवंत असतं तेवढं सोडलं तर केस आधीपासूनच मेलेला असतो, हे धाकटी शेकडो बायकांना सांगत आली होती. तिनं कंगवा पुसून खिशात ठेवला. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही.

आई रडायची. उठताबसता रडायची, चहाचा कप हातात धरून रडायची. मधेच थांबून धाकटीकडे बघायची.

"तुझ्या डोळ्यांत पाणी कसं नाही गं?"

"माहीत नाही, आई."

"पाठची बहीण ना तू तिची?"

"हो."

धाकटी कप उचलून विसळायची. रात्री तिला झोप लागायची, सकाळी जाग यायची. जेवणाला चव नव्हती, पण ती जेवायची. कुणी भेटायला आलं की खुर्ची पुढे करायची. शेजारची म्हणाली, धाकटी फार धीराची आहे. धाकटीला ठाऊक होतं की धीर वगैरे काही नाही. दाढ काढताना सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

काही आठवड्यांनी तिनं पार्लर उघडलं. पहिली आली ती नर्सबाई.

नर्सबाई म्हणजे एका शाळेत नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेली, गुडघे दुखणारी, थोरलीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. वर्षातून दोनदा ती केस कुरळे करून घ्यायची. ती खुर्चीत बसली, आरशात धाकटीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "नेहमीसारखे कर."

धाकटीनं केस धुतले. रोलर गुंडाळले. पहिलं लोशन लावलं, डोक्यावर टोपी चढवली. नर्सबाईनं गुडघ्याच्या नव्या डॉक्टरची हकीकत सुरू केली. तो वयानं नातवासारखा आहे आणि आपल्याला "आजी" म्हणतो, हे तिला मुळीच आवडलं नव्हतं. धाकटी मधूनमधून "हं" म्हणत होती.

वेळ झाल्यावर तिनं नर्सबाईला बेसिनवर मान टेकवायला लावली आणि कोमट पाणी सोडलं. कानामागचा एक रोलर तिच्या हातात आला. नुसता नाही, गुंडाळलेल्या केसांसकट. धाकटीनं तो पाहिला. केस शिजून लगदा झालेल्या शेवयांसारखे दिसत होते. तिनं रोलर ट्रेमध्ये ठेवला आणि पाणी चालूच ठेवलं. दुसरा आला. मग तिसरा. गंधकाचे बंध सुटले एवढंच नाही, साखळ्याच गेल्या, एवढं तिच्या डोक्यात आलं. त्याबरोबर भीती यायला हवी होती, ती आली नाही. नर्सबाईचे डोळे मिटलेले होते आणि ती अजून डॉक्टरबद्दलच बोलत होती.

"नर्सबाई," धाकटी म्हणाली, "तुमचे केस तुटलेत."

नर्सबाई बोलायची थांबली. "किती?"

"डावीकडचे बरेच. उजवीकडचेही जातील."

धाकटीनं उरलेल्या केसांतलं लोशन धुऊन काढलं, दुसरं लोशन लावलं. ते उपयोगाचं नव्हतं, पण तेच करायचं असतं. मग तिनं नर्सबाईला टॉवेल गुंडाळून आरशासमोर बसवलं. ओरडणं कानावर येईल म्हणून ती थांबून राहिली.

नर्सबाई ओरडली नाही. ती आपल्या हाताच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "मी तुला सांगायला हवं होतं. तुमचं बंद होतं ना, तेव्हा मी चौकातल्या त्या नव्या पार्लरमध्ये गेले होते. त्यांनी ब्लीच केलं, ते मला आवडलं नाही, म्हणून मग पुन्हा काळा रंग लावला. मला लाज वाटली गं. तुमच्या घरात ते दुःख आणि मी तिकडे जाऊन केस रंगवतेय. तुला कळू नये म्हणून गप्प बसले."

"मी विचारायला हवं होतं."

"तिनं विचारलं नसतं," नर्सबाई म्हणाली. "तिनं नुसता हात लावला असता." आणि ती रडायला लागली. ते केसांसाठी नव्हतं. टॉवेलचं टोक डोळ्यांना लावून ती बराच वेळ रडली. धाकटी कात्री घेऊन मागे उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा असं तिला सुचलं. तिनं हात ठेवला. तो कुठे ठेवलाय हे तिला आरशातच दिसलं.

"काय होतं नेमकं?" नर्सबाईनं नाक पुसत विचारलं. "तू मागे सांगितलं होतंस, माझं लक्ष नव्हतं."

"अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, ते का?" धाकटीनं विचारलं.

"प्रथिन आहे म्हणून. एवढं आम्हालाही शिकवलं होतं."

"त्यात साखळ्या उलगडतात आणि एकमेकींत गुंततात. तुटत नाहीत. केस कुरळे करतानाही साखळ्या तुटत नाहीत, फक्त आडवे बंध सुटतात. पण ब्लीचनं ते बंध आधीच कितीतरी गेलेले होते, साखळ्याही झिजल्या होत्या. त्यावर मी लोशन लावलं. धरून ठेवायला काही उरलंच नाही."

"मग आता?"

"जे गेलं ते गेलं. खालून नवे येतील. मुळाला काही झालेलं नाही."

"मग काप," नर्सबाई म्हणाली. "अर्धवट नको ठेवूस. सगळे काप."

धाकटीनं केस अगदी बारीक कापले. नर्सबाईनं डोकं इकडून तिकडे वळवून पाहिलं. "आरशात माझा भाऊ दिसतोय," ती म्हणाली. जाताना तिनं पर्स उघडली तेव्हा धाकटीनं ती आपल्या हातानं बंद केली.

घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आई ऐकत होती. धाकटीचं सांगून झालं तेव्हा आई म्हणाली, "तू रोलर हातात आल्यावर काय केलंस?"

"ट्रेमध्ये ठेवला."

आईनं तिच्याकडे पाहिलं, पण यावेळी डोळ्यांतल्या पाण्याचं काही विचारलं नाही. म्हणाली, "काही दिवस औषधांचं काम बंद ठेव."

धाकटीनं तसंच केलं. नुसते केस कापत राहिली. गिऱ्हाइकं गप्पांना यायची, ती हळूहळू कमी झाली. ते तिला दिसत होतं.

आईचे केस थोरली धुवायची. ती गेल्यापासून आईनं कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. स्वतः कसंतरी पाणी ओतून घ्यायची. मागे गुंता झाला होता, इतका की मान वळवली तरी ओढ बसायची. एका दुपारी आई स्वतःच पार्लरच्या दारात येऊन उभी राहिली. "सोडव हे," ती म्हणाली. "नाहीतर कापून टाक."

धाकटीनं तिला बेसिनवर निजवलं.

"पाणी गरम आहे."

तिनं कमी केलं.

"आता गार आहे."

"आई."

"तुझा हात जड आहे," आई म्हणाली. "तिचा हलका होता. बोटांच्या टोकांनी नाही, मधल्या पेरांनी धरायची ती. हं. असं. आणि घाई नको."

धाकटीनं मधल्या पेरांनी धरलं. गुंता एकदम सुटणारा नव्हता. टोकापासून वर जायचं, एकेक बट. आईनं दोन वर्षांपूर्वी केसांना रंग लावणं सोडलं होतं, त्यामुळे मुळाकडचे केस पांढरे आणि टोकं तांबूस होती. तांबूस भाग बोटांत धरला की किंचित खरखरीत लागत होता. पांढरा गुळगुळीत होता. धाकटी थांबली. पुन्हा दोन्ही भाग धरून पाहिले. मग एक ओला पांढरा केस ताणला आणि सोडला. तो परत आला. तांबूस केस ताणला. तोही आला, पण रेंगाळत.

"काय करतेस?" आईनं विचारलं.

"बघतेय."

"तीही बघायची," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिचा श्वास जड झाला. ती झोपली होती. मान बेसिनवर, तोंड थोडं उघडं. धाकटीनं नळ बंद केला आणि तशीच उभी राहून उरलेला गुंता सोडवत राहिली, आईला जाग येऊ न देता. पायाला मुंग्या आल्या तेव्हा पाय बदलला. रडू आलं नाही. पण बोटांना काहीतरी कळत होतं, आणि गेल्या कित्येक दिवसांत तिच्या अंगाला कळलेली ती पहिली गोष्ट होती. ती तिनं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलं नाही.

त्यानंतर कुणीही आलं की ती आधी केस ओले करून हातात धरायची. एक ताणायची, सोडायची. सुरुवातीला चुकायची, तिला बरा वाटलेला केस लोशन लावलेल्या पहिल्या बटेतच मऊ पडायचा आणि ती तिथेच थांबायची. वर्षभरात चुका कमी झाल्या. औषधांचं काम पुन्हा सुरू झालं. बोलायला म्हणून तिनं एक बाई कामावर ठेवली. ती दिवसभर बोलते, मधेच बेसूर गाते आणि टॉवेलच्या घड्या वाकड्या घालते. धाकटी त्या पुन्हा घालते. गिऱ्हाइकं परत आली आहेत.

आई आता कमी रडते. धाकटी का रडत नाही, हे विचारायचं तिनं सोडून दिलं आहे. महिन्यातून एकदा पार्लर बंद झाल्यावर ती केस धुवायला खाली उतरते आणि पाणी गरम आहे म्हणते.

नर्सबाईचे केस कानाखाली आले तेव्हा ती आली, घरीच काळा रंग लावून. धाकटीनं केस ओले केले, एक धरला, ताणला. तो परत आला, पण रेंगाळत.

"आज नको," ती म्हणाली.

"मी पुढच्या महिन्यात भाचीकडे जाणार आहे गं."

"तरी नको."

नर्सबाईनं आरशात तिच्याकडे बघून नाक फेंदारलं. मग खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "बरं. मग नुसते धू."

धाकटीनं पाणी सोडलं.