मास्तरांची मात्सुरी

"काय फरक पडस?" असं म्हणत आमचे लूममास्तर चालू लूमच्या चौकटीवर हात टेकवायचे. कशानेच फरक पडत नाही असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बमरोलीच्या त्या कारखान्यात मी कापडाचे ताके तपासायचो आणि ते लूम सांभाळायचे. दोघेही खानदेशातून पोटासाठी आलेले, डिंडोलीत शेजारी.

श्रावणात घरी येणाऱ्या कानबाई देवीने मात्र त्यांना फरक पडायचा. भाऊबंदांची कानबाई त्यांच्याच घरी बसायची. रविवारी बसायची, सोमवारी वाजतगाजत जायची. एका वर्षी नेमका तेव्हाच नव्या मशिनी बसवायला जपानी इंजिनिअर आला आणि शेठने सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. साहेब सोडतील तरच जा, म्हणाला. मास्तरांनी मोबाइलला विचारून एक जपानी शब्द मिळवला : मात्सुरी. म्हणजे गावाने मिळून करायचा, देवाला मिरवायचा जुना उत्सव. चार दिवस ते लूमच्या खडखडाटात तो शब्द घोकत होते. पाचव्या दिवशी वॉचमनलाही तो पाठ झाला.

शनिवारी त्यांनी हात जोडले. "साहेब, मात्सुरी."

इंजिनिअरने पाना खाली ठेवला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मंगळवारपर्यंत मशिनी बंद केल्या. रविवारी तर तो स्वतःच आंघोळ करून मास्तरांच्या दारात हजर. शेठ काय बोलणार?

घोटाळा झाला रोटांवर, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांवर. कानबाईचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला कणही द्यायचा नाही. मास्तरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पाहुणा म्हणून सवयीने ताट वाढलं आणि त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. देवी कोपणार म्हणून थोरले चुलतभाऊ देवीपुढे कान धरून उभे राहिले. मास्तरांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग ते सावकाश म्हणाले, "हाऊ आते आपला भाऊबंद शे."

हा तोडगा सगळ्यांना पटला, हेच नवल. रोटासाठी घरातल्या पुरुषांगणिक मूठ मूठ गहू घेतात. पुढच्या वर्षीपासून जपानची एक मूठ निघू लागली आणि व्हिडिओ कॉलवर तो तिला वाकून नमस्कार करू लागला.

यंदा पौषात मास्तर अचानक गेले. जपानला फोन मीच केला. मोबाइलच्या भाषांतरातून इंजिनिअरने विचारलं, भाऊबंद काय करतात? दहाव्याला मुंडण करतात, पण तुम्ही करू नका, असं मी सांगितलं आणि मला रडू आवरेना.

दहाव्याला त्याचा कॉल आला. डोकं गुळगुळीत, मागे बर्फ पडतोय. मी मोबाइल वहिनींपुढे धरला. दहा दिवस त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्या बघत राहिल्या, मग त्यांनी पदर सावरला.

"त्याले सांगा, टोपी घाल. सर्दी व्हई जाई."