अप्पांचा गळ

घरात एखादं हट्टी माणूस असलं की किस्से आपोआप साठत जातात. आमच्या चारकोपच्या घरात अशी दोन माणसं आहेत, माझे सासरे अप्पा आणि सासूबाई, म्हणजे आई. म्हणून तर आम्ही दर हिवाळ्यात शहापूरच्या पुढे एका धरणावर जातो, होडीत बसून गळ टाकतो आणि मासा सोडून बाकी सगळं घेऊन परत येतो.

पहिला किस्सा लग्नाआधीचा. मुलगी बघायला गेलेले अप्पा ऐटीत बोलून बसले, "मी स्वतः पकडलेला मासा तुला खायला घालीन." माणूस मालवणचा खरा, पण वाढला गिरणगावातल्या चाळीत. गळ कधी हातात धरलेला नव्हता. आई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं. घरात बांगडा आला की अजून विचारतात, "हा कोणी पकडला?"

*

समुद्र सोडून धरण का? तर अप्पांना गोराईच्या फेरीबोटीतसुद्धा उलटी होते. धरणाचं पाणी शांत असतं. आईंनी त्यावर पहिल्याच वर्षी निकाल दिला होता, "गोड्या पाण्यातल्या माशाक चव खंय असता?"

तरी त्या दर वर्षी येतात. सोबत एक जड पिशवी असते, तिला कोणी हात लावायचा नाही. घरी परतल्यावर न चुकता कोंबडीचा रस्सा करतात आणि त्यात तिरफळं घालतात. तिरफळं माशात घालतात, कोंबडीत नाही, एवढं माझ्यासारख्या मुलुंडच्या शाकाहारी घरातल्या मुलीलाही कळतं. पण सासूबाईंना सांगणार कोण?

*

एका वर्षी अप्पांनी रीळवाला गळ आणला आणि सोसायटीच्या गच्चीवर प्रॅक्टिस सुरू केली. एका सकाळी दोरी ताणली गेली. माझा नवरा नितीन खालून ओरडला, "अप्पा, काय लागलं?"

अप्पा कठड्यावरून वाकून म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा गाऊन."

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लागलं. अप्पा पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करू लागले.

*

गेल्या वर्षी नितीनला वडिलांची दया आली. अप्पा जेवायला वळले तेवढ्यात त्याने घरून बर्फात आणलेला मासा गुपचूप गळाला अडकवला. अप्पांनी गळ ओढला तर वर पापलेट. धरणात! तेही पोट साफ केलेलं.

"बरं झालं, कोळणीकडून साफ करूनच आलंय," आई म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत. "हरलो तर चालेल रे," ते नितीनला म्हणाले, "पण तिला फसवून जिंकायचं नाही." मला फार वाईट वाटलं.

*

यंदा अप्पांचा गुडघा बिघडला. होडीपर्यंत पोचायला जंगलातली टेकडी ओलांडावी लागते.

"गुडघ्याची वाट लागेल हां अप्पा," नितीन म्हणाला. "कॅन्सल करू ना."

"गुडघ्याला राहू दे घरी. मी जातो."

आणि ते काठी टेकत, बसत-उठत टेकडी चढले. मागून पिशवी सांभाळत आई येत होत्या. "चला लवकर," त्या म्हणत होत्या, "मासे झोपतील."

*

दुपार झाली तरी गळाला काही लागलं नव्हतं. आमिषाची कणीक संपली, तेव्हा नितीन म्हणाला, परत फिरू. आईंनी पिशवीतून सुकी कोलंबी काढून अप्पांच्या हातावर ठेवली. "ही लावा. इकडच्या माशांनी कधी खाल्ली नसेल."

थोड्या वेळाने दोरी ताणली. अप्पांनी दात-ओठ खाऊन गळ ओढला आणि तळहाताएवढा जिवंत मासा होडीत येऊन उडायला लागला. माझी मुलगी मनवा बाकावर चढली.

काठावर येऊन आम्ही दगडांची चूल मांडली. अप्पा दोन्ही हातांत मासा धरून आईंसमोर उभे राहिले. टेकडीला न घाबरलेला माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "गोड्या पाण्यातलो आसा गो. खातलंस?"

आईंनी पिशवीच्या तळातून स्टीलचा डबा काढून उघडला. आत ओल्या खोबऱ्याचं लाल वाटण होतं, आणि वर तिरफळं.

"आजी, आज मासा मिळणार हे तुला कसं कळलं?" मनवाने विचारलं.

"मला काय कळतंय? दर वर्षी आणते," आई म्हणाल्या. "नाहीच मिळाला, तर घरी नेऊन कोंबडीला लावते."